थांबायची तारीख

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी. ग्लासभर साधं पाणी. दूध नाही, चहा नाही, कॅल्शियमची गोळी तर मुळीच नाही. त्यानंतर निदान अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही. अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडांच्या गोळीचा हा नेम. १९९५ साली हे औषध ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे ठिसूळ झालेल्या हाडांसाठी, अमेरिकेत मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी गोळी अन्ननलिकेत अडकून व्रण पडल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. नेम आहे तो त्यासाठी.

आता हा नेम रायगडातल्या उरणात आणून बघा. मोऱ्याच्या किंवा करंजाच्या कोळीवाड्यातली बाई पहाटे उठते ती मासळीच्या पाटीवर वाकायलाच. चहाचा घोट घेतल्याशिवाय तिचे हातपाय हलत नाहीत. ‘हारांची गोली’ सोमवारी घ्यायची एवढं तिला पाठ असतं, पण ती चहाबरोबर गिळली तर वाया जाते हे बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. नेमाने घेतली तरी या औषधाचा शंभरातला एक भागदेखील आतड्यातून रक्तात उतरत नाही. चहाबरोबर त्यातलाही बराचसा जातो. म्हणजे पैसे गेले, वर छातीत जळजळ. आणि ती जळजळ ‘पित्ता’च्या खाती.

ही झाली लहान बाब. मोठी वेगळी आहे. गोळी कधी सुरू करायची ते चिठ्ठीवर असतं, कधी थांबवायची ते नसतं.

हाड मेलेल्या लाकडासारखं नसतं. ते सतत मोडत आणि घडत असतं. उरणच्या खारभूमीतल्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. खाडीच्या बांधावरची भेगाळलेली, खेकड्यांनी पोखरलेली माती दरवर्षी उकरून काढायची आणि नवी भरायची, तेव्हा बांध टिकतो. हाडात उकरणाऱ्या पेशी वेगळ्या आणि भरणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यावर उकरणं वाढतं, भरणं मागे पडतं, आणि हाड पोकळ होत जातं. बिस्फॉस्फोनेट जातीची औषधं, म्हणजे अ‍ॅलेन्ड्रोनेट, रायसेड्रोनेट, आयबँड्रोनेट आणि सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, हाडात जाऊन बसतात आणि उकरणाऱ्या पेशींना निकामी करतात. बांध जाड राहतो. पण वर्षानुवर्षं उकरणंच बंद राहिलं तर बारीक भेगाही तशाच राहतात. शिवाय हे औषध हाडात शिरलं की सहजासहजी बाहेर पडत नाही. गोळ्या बंद केल्यावरही ते वर्षानुवर्षं तिथेच असतं.

२००३ साली मायामीचे जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्णांची हकिगत छापली. या जातीची इंजेक्शनं घेणाऱ्या रुग्णांच्या तोंडात जबड्याचं हाड उघडं पडलं होतं आणि जखम भरत नव्हती. त्यातले बहुतेक कर्करोगाचे रुग्ण होते. पुढे गोळ्या घेणाऱ्यांतही हे दिसलं, अर्थात फार कमी. जुन्या डॉक्टरांना यात एक ओळखीचा आजार दिसला. एकोणिसाव्या शतकात आगपेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांचे जबडे कुजत असत. त्यात बहुतेक बायका आणि मुली. १८८८ साली लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींनी संप केला आणि १९०६ च्या बर्न करारात पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांवर बंदी आली. आजचं औषधही फॉस्फरसचंच संयुग आहे. शंभर वर्षांनी तेच दुखणं वेगळ्या दाराने आलं.

दुसरा दुष्परिणाम मांडीच्या हाडाचा. म्हातारपणी खुब्यापाशी मोडतं ते हाड आपल्या ओळखीचं. हे त्याच्या खाली, मांडीच्या दांड्यात, आडवं कापल्यासारखं मोडतं. पडायचीही गरज नसते. उभ्या-उभ्या वळताना किंवा पायरी उतरताना मोडतं. मोडण्याआधी कित्येक आठवडे, कधी महिने, मांडीत किंवा जांघेत मंद ठणका लागलेला असतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या मांडीतही तशीच भेग तयार होत असते. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला. हे औषध किती वर्षं घ्यावं याचा आदर्श काळ ठरलेला नाही, आणि धोका कमी असलेल्या रुग्णांत तीन ते पाच वर्षांनी थांबवण्याचा विचार करावा, असंही तिथल्या माहितीपत्रकात आलं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी गोळ्या केराच्या टोपलीत टाकेल. हे औषध वाईट नाही. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत, मणक्याचं हाड आधी मोडलेल्या बायकांमध्ये अ‍ॅलेन्ड्रोनेटने खुबा मोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आणलं. खुबा मोडणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा. पाचांतला एक जण वर्षभरात दगावतो, आणि उरलेल्यांतले कितीतरी पुन्हा स्वतःच्या पायाने न्हाणीपर्यंत जात नाहीत. हाडांसाठी गोळी घेणाऱ्यांत जबड्याचा त्रास दहा हजारांत एक ते लाखात एक, इतका विरळा. कर्करोगात मोठ्या मात्रेची इंजेक्शनं घेणाऱ्यांत तो कितीतरी पटींनी जास्त.

मांडीच्या हाडाचा हिशोब मात्र आपल्याकडच्या वाचकाने लक्ष देऊन वाचावा. २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या १ लाख ९६ हजार बायकांचा अभ्यास आला. दहा हजार बायकांनी तीन वर्षं औषध घेतलं तर गोऱ्या बायकांत १४९ खुबे वाचतात आणि मांडीची विचित्र मोडतोड दोघींना होते. आशियाई वंशाच्या बायकांत वाचतात ९१, आणि आठ जणींची मांडी मोडते. फायदा तरीही कितीतरी जास्त, पण धोका चौपट. औषध थांबवल्यावर हा धोका झपाट्याने उतरतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे तारीख ठरवणं हाच उपाय आहे, आणि तो फुकटचा आहे. अ‍ॅलेन्ड्रोनेट पाच वर्षं घेतल्यावर थांबलेल्या आणि आणखी पाच वर्षं चालू ठेवलेल्या बायकांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण हाडं मोडण्यात फारसा फरक नव्हता, मणक्याच्या दुखऱ्या मोडतोडीत मात्र चालू ठेवणाऱ्यांना फायदा दिसला. म्हणून जगभरचे तज्ज्ञ सांगतात की गोळी पाच वर्षं किंवा वार्षिक इंजेक्शन तीन वर्षं झालं की थांबून पुन्हा तपासा. ज्यांचं हाड फारच कमकुवत आहे त्यांनी चालू ठेवा, बाकीच्यांनी सुट्टी घ्या.

एक अपवाद जिवाचा आहे. डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन वेगळ्या जातीचं. ते मध्येच सोडलं तर मणके एकामागोमाग मोडू शकतात. ते थांबवायचं तर डॉक्टर आधी दुसरं औषध सुरू करून मगच थांबवतात. किडनीच्या रुग्णांत, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांत, त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक उतरतं, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेने जानेवारी २०२४ मध्ये दिला.

आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंची फाइल मी पाहिली. फाइल कसली, दाराआडच्या खिळ्याला टांगलेली कापडाच्या दुकानाची पिशवी. त्यात पहिली चिठ्ठी व्यवस्थित होती: हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा अहवाल, टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली, गोळीचं नाव, आठवड्याला एक. पुढच्या चिठ्ठ्यांवर रक्तदाबाचा आकडा, खाली तीन इंग्रजी अक्षरं, ‘सीएसटी’. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. आहे तेच चालू ठेवा. चिठ्ठीमागून चिठ्ठी तीच तीन अक्षरं. मधेच एक दाताच्या दवाखान्याची चिठ्ठी, दाढ काढल्याची. ‘हाडांचं औषध चालू आहे का?’ हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता, आणि आत्याबाईंनाही हाडांच्या गोळीचा दाढेशी काय संबंध म्हणून सांगायचं सुचलं नव्हतं. आणखी एक चिठ्ठी मांडी दुखते म्हणून. त्यावर दुखण्याची गोळी आणि कंबरेचा एक्स-रे. मांडीचा नाही. आत्याबाईंचं सुदैवाने काही मोडलं नाही. पनवेलच्या दुसऱ्या डॉक्टरांनी मांडीचा फोटो काढून गोळी थांबवली. यात कुणा एका डॉक्टरला धरायचं नाही मला. ओपीडीत पन्नास माणसं बाहेर बसलेली असताना जुनी चिठ्ठी चालू ठेवणं सोपं असतं. पण त्याची किंमत रुग्णाने मोजायची, हे मला मान्य नाही.

उरणातल्या जुन्या बायकांची आणखी एक सवय यात भर घालते. मिश्री. भाजलेल्या तंबाखूने हिरड्या घासणाऱ्या पिढीचे दात हलतातच, दाढा काढाव्या लागतातच. जबड्याच्या त्रासाची सुरुवात बहुतेक वेळा अशा काढलेल्या दाढेपासून होते. म्हणून औषध सुरू करण्याआधी दात तपासून घ्या, काढायचे ते आधी काढा, हा नियम इथे दुप्पट महत्त्वाचा आहे.

आणि मेडिकलच्या काउंटरवरचं दृश्य. दुकानदार कात्रीने पट्टी कापून एक-दोन गोळ्या देतो. माहितीचं बारीक टायपातलं इंग्रजी पत्रक खोक्यात राहतं, आणि बॅच नंबर व मुदतीची तारीख छापलेला तुकडा पुष्कळदा दुकानातच राहतो. पुढे काही बिघडलं तर आपण कोणत्या कंपनीची, कोणत्या बॅचची गोळी घेतली हे सिद्ध करायला रुग्णाकडे काहीच उरत नाही. कायद्याची गोष्ट इथूनच सुरू होते.

अमेरिकेत याच गोळीच्या फोसामॅक्स या मूळ ब्रँडवरून मर्क कंपनीवर हजारो दावे झाले. जबड्याचे दावे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २००६ पासून एकत्र चालले. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीने हजाराहून जास्त दावे २ कोटी ७७ लाख डॉलरला मिटवले. डोळे दिपवणारा आकडा वाटतो, पण भागाकार केला तर माणशी पंचवीस हजार डॉलरच्या आतबाहेर, आणि त्यातून वकिलांची फी. मांडीच्या हाडाचे दावे न्यू जर्सीत गेले आणि तिथून अपील न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही इशारा घालायला तयार होतो, पण औषध प्रशासनानेच २००९ मध्ये आमचा मसुदा नाकारला, मग आमचा दोष काय? मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा प्रश्न ज्युरीने नव्हे, न्यायाधीशाने ठरवायचा, आणि प्रकरण खाली पाठवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा रुग्णांच्या बाजूने कौल दिला. मांडी मोडून दशक उलटलं तरी वाद कागदावरच. ‘अमेरिकेत असतं तर कोटी मिळाले असते’ असं आपल्याकडे सहज म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

हाडांच्या गोळीवरून आपल्याकडे असा गाजलेला खटला झालेला नाही. पण ज्या निकालांवर असा खटला उभा राहील, त्यातले महत्त्वाचे निकाल आपल्याच भागातून आलेत.

पहिला तर मांडीच्या हाडाचाच. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे डॉक्टरांनी भूल न देता हाड ओढून बसवलं आणि मुलगा दगावला. वडिलांनी दावा लावला, तो १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. भरपाई तीन हजार रुपये. पण त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगून ठेवली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे काळजीने ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीने ठरवणं, आणि तो उपचार काळजीने करणं. देशभरातले निकाल आजही इथून सुरू होतात. मला वाटतं, तिसऱ्या कर्तव्यात उपचार कधी संपवायचा हेही येतं.

दुसरा खटला औषधाच्या दुष्परिणामाचाच. १९९१ मध्ये मुंबईच्या नानावटी रुग्णालयात किडनी निकामी झालेल्या एका रुग्णाला अ‍ॅमिकासिन हे इंजेक्शन दिलं गेलं. या औषधाने कान जाऊ शकतात हे सर्वज्ञात आहे. रुग्णाने ऐकू येईनासं झाल्याची तक्रार केली, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने भरपाई दिली. फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण साधं होतं. जंतुसंसर्ग जीवघेणा होता, आणि तपासणीत जंतू मुख्यतः याच औषधाला दाद देत होते. दुष्परिणाम झाला म्हणजे डॉक्टर चुकला असं होत नाही, हा या मार्टिन डिसोझा खटल्याचा धडा. तो योग्यच आहे. पण हाडांची गोळी काही रातोरात जीव वाचवायला दिलेली नसते. ती शांतपणे, वर्षानुवर्षं दिली जाते. दात तपासून या, मांडी दुखली तर सांगा, अमुक साली पुन्हा बघू, एवढं बोलायला वेळ नव्हता असं कोणताच डॉक्टर म्हणू शकत नाही. मार्टिन डिसोझातली डॉक्टरांची ढाल इथे तितकी जाड राहत नाही.

तरी दुसरी ढाल आहे, ती ओळखून ठेवा. २००८ च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संमती घेताना उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके सांगितलेच पाहिजेत; मात्र अगदी दूरच्या, विरळा शक्यता सांगायलाच हव्यात असं नाही. ‘दहा हजारांत एक’ याचा आधार घेऊन डॉक्टरचा वकील हेच म्हणणार. त्यावर उत्तर असं की विरळा धोका सांगितला नाही ही तक्रारच नाही. मांडी दुखत होती, ती लक्षणं रुग्णाने सांगितली, आणि माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेली तपासणी झाली नाही, ही तक्रार आहे. तक्रारीचा मसुदा या फरकावर उभा राहतो किंवा पडतो.

कंपनीविरुद्ध काय? २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. पुरेशा सूचना किंवा इशारा दिला नाही तर कलम ८४ प्रमाणे उत्पादक जबाबदार. पण कलम ८७ पुढे येऊन बरंच काढून घेतं. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं उत्पादन असेल आणि उत्पादकाने त्या तज्ज्ञाला वाजवी रीतीने इशारा दिला असेल, तर इशारा न दिल्याबद्दल उत्पादक जबाबदार नाही. म्हणजे कंपनी म्हणणार, आम्ही डॉक्टरला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणणार, धोका विरळा होता. आणि मधे मांडी मोडलेली बाई. म्हणून तिच्या वाट्याला येणारा खटला बहुतेक वेळा कंपनीवर नव्हे, तर लिहून देणाऱ्यावर आणि दवाखान्यावर उभा राहतो, आणि त्याचा सगळा भार त्या पिशवीतल्या चिठ्ठ्यांवर असतो. ‘सीएसटी’ ही तीन अक्षरं तिथे साक्षीदार होतात.

डॉक्टर या कायद्यात येत नाहीत असा एक समज नव्या कायद्यानंतर पसरवला गेला, कारण ‘सेवा’च्या व्याख्येच्या मसुद्यातला आरोग्यसेवेचा उल्लेख गाळला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो युक्तिवाद दंडासह फेटाळला, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. सर्वांना पूर्ण फुकट सेवा देणारं सरकारी रुग्णालय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाप्रमाणे या कायद्याबाहेर राहतं. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. पण उरणसाठी एक गोष्ट फार कामाची आहे. बंदरात, गोदामांत, कंत्राटी कामात असलेल्या मुलांच्या ईएसआय कार्डावर आई-वडिलांचा उपचार होतो. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईएसआयची रुग्णालयं ग्राहक कायद्यात येतात असं सांगितलं, कारण तिथे पगारातून वर्गणी कापलेली असते. कंपनीच्या योजनेतून होणाऱ्या उपचारांनाही १९९५ चा निकाल लागू होतो.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात. गोव्याच्या सरकारी इस्पितळातल्या एका परिचारिकेवर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिचं पोट दुखत राहिलं. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉजचा बोळा निघाला, आणि मग तिने तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तत्त्व रुग्णांच्या बाजूचं सांगितलं: इजा दडलेली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजायची. पण निकाल तिच्या विरुद्ध दिला. इतकी वर्षं दुखत होतं, तू स्वतः परिचारिका, मग त्या सर्जनकडे परत का गेली नाहीस? मला हा निकाल कठोर वाटतो. तरी त्यातला इशारा घ्यावाच लागतो. मांडी दुखत असेल, दाढेची जागा आठ आठवडे भरत नसेल, तर आजच दाखवा आणि दाखवल्याचा कागद ठेवा. शरीरासाठीही आणि मुदतीसाठीही.

रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. करंजाहून रेवसची तर पकडून जा नाहीतर पेणवरून वळसा घालून. पूर्वी सामनेवाला जिथे असेल किंवा प्रकार जिथे घडला तिथे जावं लागे. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. आयोगाची हद्द आता मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते, आणि पन्नास लाखांपर्यंतचा मोबदला जिल्ह्यातच येतो. गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत; प्रत्यक्षात वर्षं लागतात, हे माहीत असूनच उतरावं. तज्ज्ञ डॉक्टरचं मत प्रत्येक तक्रारीत सक्तीचं नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव निकालात स्पष्ट केलं, पण या विषयात त्याशिवाय टिकणं कठीण. वकिलाची ऐपत नाही म्हणून मागे फिरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हाडांच्या गोळ्या घेणारे बहुतेक रुग्ण स्त्रियाच आहेत, आणि हा हक्क त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

एकट्याने लढण्यापेक्षा मिळून लढलं तर काय होतं, याचंही उदाहरण हाडांचंच आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचे सदोष कृत्रिम खुबे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. भारतात ते हजारो लोकांना बसवले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला, रुग्णांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, केंद्राने समिती नेमली, आणि २०१८ मध्ये सुमारे सव्वा कोटी रुपयांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली, पण रुग्ण एकत्र आले म्हणून सूत्र तरी निघालं. एकसारखी तक्रार असलेले अनेक ग्राहक मिळून एकच तक्रार करू शकतात, अशी तरतूद ग्राहक कायद्यातही आहे.

त्यासाठी आधी हे त्रास मोजले गेले पाहिजेत. २०१० पासून देशात औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे, आता गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून. रुग्ण स्वतः त्रास कळवू शकतो, आणि त्याचा अर्ज मराठीतही आहे. हा अर्ज ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत आणि प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर दिसायला हवा. जपानमध्ये १९८० पासून, औषध नीट वापरूनही गंभीर त्रास झाला तर कुणाची चूक सिद्ध न करता मदत मिळते. आपल्याकडे मंजूर औषधांसाठी अशी व्यवस्था नाही, आणि ती मागायला हवी. ती येईपर्यंत एक साधी सक्ती तरी व्हावी: पाच वर्षांची गोळी लिहिणाऱ्याने पहिल्याच चिठ्ठीवर ‘पुन्हा विचार: अमुक महिना, अमुक साल’ असं मराठीत लिहावं.

या दिवाळीत घरी जाल तेव्हा आईची, आजीची पिशवी खाली काढा. पहिली चिठ्ठी कोणत्या सालची ते बघा. पाच वर्षं झाली असतील तर गोळी परस्पर बंद करू नका, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. दाताच्या डॉक्टरला हाडांचं औषध सांगा. मेडिकलवाल्याकडून बिल मागा आणि बॅच नंबरचा तुकडा पिशवीत ठेवा. रुग्णालयाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात, हा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. औषधाचा त्रास कळवायला १८००-१८०-३०२४, ग्राहक हेल्पलाइन १९१५, मोफत वकिलासाठी १५१००. हे तीन नंबर त्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.